जादा पिना

"एकापेक्षा दोन पंखे कधीही सरस!" बोटीला बाजूला ढकलणारी यंत्रं बसवणारी आत्या बंदरभर छातीठोकपणे सांगायची. शेवटी भाचीने बोट धक्क्याला बांधली आणि दोरात ओढ मोजणारा ताणकाटा अडकवला. एका पंख्याच्या यंत्राने काटा चाळीसवर नेला. मग त्याच बोटीवर लावलेल्या दोन पंख्यांच्या यंत्रानेही चाळीसच!

"तुझा काटाच मेला बिघडलाय!" आत्या कडाडली आणि तिने दोन पंख्यांचं यंत्र पाण्यातून वर काढलं. मागचा पंखा भाचीच्या बोटानेसुद्धा दांड्यावर गरगर फिरला.

"आत्या, याला दांड्याशी जखडणारी पिन कुठाय?"

"दांडा एक, तर पिनही एक. खोक्यात दुसरी येते ती जादाची..."

बोलता बोलताच आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. धक्क्यावरच्या तिच्या टपरीत फळीवरची जादा पिनांची बरणी काठोकाठ भरली होती.