आजोबांच्या माशांची नावे

मित्रांनो, मी एक जुना गेम कन्सोल आहे. अंगाने जाड आणि सदा घरघरणारा. जपानात, निइगाता शहरी, गेन्झो आजोबांच्या टीव्हीखाली मी राहतो. कालपासून माझा जीव टांगणीला लागला आहे.

मी नवा होतो तेव्हा त्यांची लेक मिहोको शाळेतून आली की दप्तर भिरकावून माझ्यापुढे बसायची. ती मोठी झाली आणि माझ्यावर धूळ साचली. मग आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. तेव्हा मिहोकोनेच मला पुन्हा जोडले.

माझ्यातल्या खेळात मासा गळाला लागला की त्याला नाव देता येते. आजोबा डाव्या अंगठ्याने एकेक अक्षर निवडतात. त्यांचे बोलणे आता या नावांतूनच. एका माशाचे नाव 'चहा', दुसऱ्याचे 'सूप अळणी'.

"माशांना नावं देता देता माझ्या सूपला नावं ठेवता होय, बाबा?" मिहोको हसायची.

काल टीव्हीवर नव्या कन्सोलची घोषणा झाली. वहीइतका पातळ, वाऱ्यासारखा चपळ, चित्र असे की माशाचे खवले मोजावेत. वायर नाही, बटणे नाहीत! नुसते बोला, तो ऐकेल.

"बाबा, तुमच्यासाठी आजच नोंदवते!" मिहोको म्हणाली.

नुसते बोला! आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला.

आज वर्षअखेरची मोठी साफसफाई होती. मिहोकोने माझी वायर काढली, मला पुसले आणि पाठीवर 'हे कचऱ्यात न्या' असे सांगणारी नगरपालिकेची चिठ्ठी चिकटवली. "दमलास रे, खूप केलंस," ती म्हणाली. इथे काम संपले की असेच म्हणतात. मित्रांनो, मी फार घाबरलो.

आजोबांना 'नको' म्हणायचे होते. पण त्यांचे शब्द माझ्यात, आणि मी बंद. ते खुरडत आले. डाव्या हाताने त्यांनी माझ्यावरची चिठ्ठी सोलली आणि स्वतःच्या छातीवर चिकटवली.

"अहो बाबा, हे काय भलतंच!" मिहोको ओरडली. मग ती मटकन खाली बसली. "बोलणार कसे तुम्ही त्या नव्याशी! माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

तिने घाईघाईने वायर जोडली. आजोबांनी एक छोटा मासा पकडला आणि त्याला नाव दिले, 'भ्यालो'.

चिठ्ठी आता खणात आहे. माझी घरघरही वाढते आहे, त्यामुळे भीती काही गेलेली नाही. मित्रांनो, नवे जरूर आणा. पण जुन्याची वायर काढण्याआधी घरात सगळ्यांना विचारा. ज्याला बोलता येत नाही, त्यालाही.