दोनच काडतुसं

आमच्या घरात मोहरी कुठल्या डब्यात असते हे ह्यांना ठाऊक नाही, आणि बंदुकीच्या कपाटाची चावी कुठं असते हे मला ठाऊक नाही. पहिलं ह्यांच्या आळसामुळे, दुसरं कायद्यामुळे. या देशात बंदुकीचं सर्टिफिकेट, म्हणजे परवाना, ज्याच्या नावावर, चावी फक्त त्याच्याकडे. बायकोला पत्तासुद्धा लागता कामा नये म्हणे. मी आपली वर्षानुवर्षं जिन्याखालच्या त्या लोखंडी कपाटाभोवती केर काढायचा हूव्हर फिरवतेय.

मी नंदा. लग्न होऊन ब्रिस्टलला आले ती इथलीच झाले, पोस्टाच्या काउंटरवर नोकरी केली, आता सत्तरीला टेकलेय. आमचे हे, म्हणजे जयंत, विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यात इंजिनियर होते. तिथल्याच एका गोऱ्या मित्राच्या नादानं हरणं मारायला जायला लागले. साताऱ्याच्या शाळामास्तरांचा मुलगा, घरात कधी झुरळ मारायची वेळ आली तर मला हाक मारणारा. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. कसलं उतरतंय. रिटायर झाल्यावर तर शनिवारची पहाट म्हणजेच ह्यांचा सगळा आठवडा. बाकीचे दिवस नुसते मधे येतात म्हणून काढायचे.

इथं हरणं मारणं म्हणजे काही पाप नाही, उलट शेतकरी हात जोडतात. हॅरी म्हणून एक शेतकरी आहे, ग्लॉस्टरच्या वाटेवर त्याचं शेत. हरणांचा कळप त्याचा गहू फस्त करतो, म्हणून हॅरीनं ह्यांना रान मोकळं दिलंय. हरणाच्या मटणाचा मी तांबडा रस्सा करते. हॅरीची बायको रेसिपी मागते, पण तिला तिखट झेपणार नाही म्हणून मी टाळते.

हे वेड आमच्या इशितालाही लागलं. एकुलती एक मुलगी, इथंच वाढलेली, मराठी बोलताना तो-ती-तेचा घोळ घालणारी, नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट. सोळाव्या वर्षी बापानंच शिकवलं, आता तिचं वेगळं सर्टिफिकेट, वेगळी रायफल. आणि त्या रायफलीवरूनच बापलेकीचं वाजलं.

त्याचं असं आहे. ह्यांची रायफल जुनी, अक्रोडाच्या लाकडाची. तिचं मॅगझीन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी, आतच बसवलेली. वरून एकेक दाबायचं, चार मावतात. इशिताच्या नव्या रायफलीची पेटी खालून खट्कन निघून हातात येते, आणि तिच्यात दहा मावतात. फेब्रुवारीत ती दोन दिवस राहायला आली आणि शुक्रवारी जेवताना सांगून बसली.

"दहा?" हे म्हणाले. "हरणं मारायला निघालीयस की किल्ला सर करायला?"

"बाबा, दहा मावतात म्हणजे दहा उडवायच्याच असं थोडी आहे. पण हॅरीला कळप कमी करून पाहिजे. तुम्ही एक मारता, बाकीचा सगळा पळून जातो. It's not enough anymore."

"एक हरीण, एक गोळी. दुसरी लागली याचा अर्थ पहिल्या वेळी नीट बघितलं नाहीस. मी दोनच काडतुसं घेऊन जातो. एक कामाचं, एक अडीअडचणीला."

"पूर्वी चार न्यायचात की," मी भाजी वाढता वाढता म्हटलं.

"पूर्वी अक्कल कमी होती," हे म्हणाले आणि ताटावरून उठले.

हे दोनाचं प्रवचन ह्यांनी शिकाऱ्यांच्या क्लबातही दिलेलं. म्हातारी मंडळी माना डोलावतात, तरुण पोरं गालातल्या गालात हसतात. मला त्या वादात काडीचा रस नव्हता. माझा जीव दुसऱ्याच गोष्टीनं खालीवर होत होता. नाताळच्या आधी हे गाडी आस्डा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ठेवून बसनं घरी आले आणि गाडी चोरीला गेली म्हणून मलाच रागावले. हॅरीकडून परतताना दोनदा भलतीकडेच गेले आणि रस्ता बंद होता म्हणाले. मी हसण्यावारी नेलं. सत्तरी उलटली की होतं, असं स्वतःला बजावत राहिले.

शनिवारी आम्ही तिघं गेलो. मी गाडीतच बसते, फ्लास्क आणि शब्दकोडं घेऊन. उजाडताना एक बार ऐकला, एकच. थोड्या वेळानं दोघं हरणी ओढत येताना दिसले, म्हणून मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. फाटकाला हॅरीनं साखळी घातलेली, म्हणजे चढून यायचं. अशा वेळी रायफल रिकामी करायची आणि दुसऱ्याच्या हातात देऊन मग पाय वर टाकायचा, हा नियम. आधी इशिता आली. मग ह्यांनी फाटकावरून रायफल तिच्याकडे दिली. देताना नळी माझ्या पोटावरून फिरली.

"रिकामी आहे," हे म्हणाले.

कुणी काहीही सांगो, हातात आलेली बंदूक उघडून बघायची, हे ह्यांनीच तिला शिकवलेलं. तिनं बोल्ट, म्हणजे बाजूचा दांडा, मागं ओढला. आतून काडतूस टुणकन बाहेर आलं आणि माझ्या बुटापाशी चिखलात पडलं. न उडालेलं, सबंध, चकचकीत.

हे फाटकावर एक पाय इकडे, एक पाय तिकडे असे बसून राहिले.

"तुझं असेल ते," हे इशिताला म्हणाले.

"माझी गोळी बारीक असते, बाबा. हे तुमचंच आहे."

घरी येताना गाडीत दोघं भांडले. इशिता गाडी चालवत होती, हे शेजारी. ती म्हणाली, तुमचा मॅगझीन आतच राहतो, दिसत नाही, म्हणून झालं; माझा काढून खिशात टाकला की विषय संपतो. हे म्हणाले, तुझ्या त्या दहाच्या पेटीच्या खडखडाटानं माझं लक्ष उडालं. असली सामानं वापरणाऱ्यांना शांत बसणं माहीतच नाही. ती म्हणाली, जुनं ते सगळं चांगलं कसं. हे म्हणाले, नवं ते सगळं शहाणं कसं. मोटरवे संपेपर्यंत हेच. मी मागं बसून फ्लास्कचं झाकण उघडत होते, लावत होते, पुन्हा उघडत होते. मला दिसत होतं की दोघंही मॅगझीनवर बोलतायत, कारण दुसऱ्या गोष्टीचं नाव काढायची दोघांची छाती नाही. माझीही नव्हती.

घरी आल्यावर इशितानं मला किचनमध्ये गाठलं. नळाखाली हात धूत होती, धुऊन झाले तरी धूतच होती.

"आई, मी त्यांना माझ्यासारखाच रायफल घेऊन देते. मॅगझीन बाहेर काढला की टेबलवर दिसेल ना. Then it's safe."

"आणि काढायचंच विसरले तर?"

तिनं नळ बंद केला.

"इशिता, तू हॉस्पिटलात काम करतेस. मी पोस्टातली बाई. तुला मी सांगायला पाहिजे का हे काय आहे ते?"

"मला माहितीये काय आहे ते," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग नाक पुसून म्हणाली, "मंगळवारी सर्टिफिकेटच्या रिन्यूअलची बाई येणार आहे ना, पोलिसांकडून. ती तुला पण विचारेल. आता घरच्यांना पण विचारतात."

"मग तूच फोन करून सांग त्यांना. तुला ते शब्द माहीत आहेत."

"माझ्याने नाही होणार. ते मला कधीच माफ नाही करणार."

"आणि मला करतील?"

रविवारी ती नॉटिंगहॅमला गेली. मला इतका राग आला होता तिचा की डबा भरून दिला तोही आदळून दिला.

मंगळवारपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. टॉवेलांना इस्त्री केली. टॉवेलांना कुणी इस्त्री करतं का? फ्रीज पुसला, परत पुसला. बसले की उठावंसं वाटायचं, उठले की कशाला उठले ते कळायचं नाही. सांगावं तर त्याच दिवशी रायफल उचलून नेतील. मग शनिवारी हा माणूस करणार काय? टीव्हीसमोर खुर्ची टाकून खिडकीतून आभाळ बघत बसणार. हरणांचा नाद लावणाऱ्या त्या गोऱ्या मित्राची अखेर ह्यांनी तशीच होताना पाहिली आणि घरी येऊन जेवले नव्हते. आणि न सांगावं तर? हॅरीची नातवंडं त्याच शेताच्या अंगणात सायकली फिरवतात. डोळे मिटले की ती नळी दिसायची, फक्त माझ्या पोटाच्या जागी त्या पोरांपैकी कुणीतरी.

सोमवारी मी एकदा विषय काढून बघितला. "अहो, त्या दिवशी फाटकावर..."

"संपला तो विषय," हे म्हणाले. रायफलीच्या लाकडाला तेल चोळत होते, लहान मुलाच्या अंगाला लावावं तसं, हलक्या हातानं. मी तिथून निघून गेले. डोळ्यांत पाणी आलेलं ह्यांना दाखवायचं नव्हतं.

मंगळवारी ऑफिसरबाई आल्या. हेदर नाव, पन्नाशीच्या, दारातच बूट काढू का विचारणाऱ्या. ह्यांनी टाय बांधला होता. बाईंनी कपाट पाहिलं, रायफलीवरचा नंबर ताडून पाहिला, मग बाहेरच्या खोलीत चहा घेत बसल्या. डॉक्टरांच्या कागदावर काही नव्हतंच, कारण ते विसरणं घेऊन हे डॉक्टरकडे गेलेच नव्हते. बाईंनी विचारलं, रानात जाताना काय काय खबरदारी घेता? ह्यांचं इंग्रजी एकदम साहेबी. पाठ ताठ करून म्हणाले, मी दोनच काडतुसं नेतो, जास्त कधीच नाही. जास्त असली की माणूस निष्काळजी होतो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, सर, हल्लीची मुलं दहा-दहाची मॅगझीन घेऊन फिरतात. तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत.

हे खुलले. किती दिवसांनी खुललेले बघत होते मी.

मग बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, हल्ली घरच्यांशीही बोलावं लागतं, तुम्हाला काही काळजी वाटते का? आपण किचनमध्ये जाऊन बोलूया का?

"नको," मी म्हटलं. "जे सांगायचं ते ह्यांच्यासमोरच सांगीन."

आणि सांगितलं. माझं इंग्रजी तिकिटं-पार्सलं विकणारं, पण त्यात बसेल तेवढं सगळं सांगितलं. फाटक, काडतूस, नळी कुठून फिरली ते. आस्डाची गाडी. चुकलेले रस्ते. ह्यांच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर थांबले असते. बाई भराभर लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, सर, हे खरं आहे का?

ह्यांनी टायची गाठ सैल केली. मग माझ्याकडे बघून मराठीत बोलायला लागले. इंग्रज माणसासमोर मराठीत बोलणं म्हणजे असभ्यपणा, असं मानणारा हा माणूस. त्यावरून मला किती वेळा दटावलंय.

"नंदा, मी दोनच का नेतो माहितीये? चार नेली की किती उडाली ते लक्षात राहत नाही. दोन वर्षं झाली. दोन असली की खिसा चाचपून कळतं, एक आहे की नाही. तत्त्व वगैरे काही नाही गं त्यात. मी आपला पोरांना भाषण देत होतो." मग जरा थांबून म्हणाले, "त्या दिवशी दोनाचाही मेळ लागेना. खिशात हात घातला, खिसा रिकामा. मला वाटलं, दोन्ही उडाली. दुसरं आतच भरलेलं होतं, बार एकच काढला होता, ते आठवेचना."

इशिताशी ते तावातावानं बोलणं, ते क्लबातलं बोलणं, आणि पोटात सगळा वेळ ही भीती. माझ्या शेजारी झोपून, मला कळू न देता. मला राग यायला हवा होता. नुसती माया दाटून आली.

"काय म्हणाले ते?" बाईंनी विचारलं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. माझ्या दहापट चांगलं इंग्रजी येतं ह्यांना, पण उत्तर द्यायला तोंड उघडेनात. नुसते माझ्याकडे बघत बसले. मी काहीही सांगितलं असतं तरी त्या बाईंना कळणार नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी सांगायला लागले. चार नेली की लक्षात राहत नाही, म्हणून दोन. दोन असली की खिसा... इथं मी अडले. चाचपणं याला इंग्रजीत काय म्हणतात ते सुचेना. हात उगीच पदरावरून फिरवत राहिले.

ह्यांनी खाली बघत हळू आवाजात तो शब्द मला सांगितला. मी वाक्य पुरं केलं.