रामकिशनबाबांचा माईक

मला राग लवकर येतो, आणि आला की लवकर जात नाही. त्यात मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे आपल्याला सगळं कळतं हाही आजार आहेच. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढच्या घोळातला निम्मा दोष या दोन गोष्टींचा आहे.

अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, गळ्यात गाठ निघाली. लातूरचे डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, पण काढावी लागेल. आवाजाची नस तिला चिकटूनच जाते, तेव्हा आवाज पहिल्यासारखा राहीलच असं सांगता येत नाही. अव्वा म्हणजे बसम्मा, आमच्या गल्लीची पाळणेवाली. चाळीस वर्षांत तिच्या पाळण्याशिवाय गल्लीत एक बारसं झालेलं नाही. आणि आता माझ्या भावाला, अमरेशला, पहिलं मूल होणार होतं. ऑपरेशन पंधरा दिवसांवर आणि बारसं तीन महिन्यांवर.

परक्यांच्या लेकरांना जो पाळणा मिळाला, तो घरच्या लेकराला मिळणार नाही, हे मला सहन होईना. मी अव्वाचा आवाज घरीच रेकॉर्ड करायचं ठरवलं. कोपऱ्यातल्या खोलीत भिंतींना वाकळा टांगल्या. लॅपटॉप होता, साउंड कार्ड एका सरांकडून आणलं. राहिला माईक. त्यासाठी आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, वहीत तक्ता केला आणि बारीकसारीक आवाजही टिपणारा कंडेन्सर माईकच घ्यायचा हे पक्कं केलं.

शाळेच्या प्रशिक्षणासाठी नांदेडला गेले होते, तेव्हा वजिराबादेत प्रीतमचं साउंडचं दुकान दिसलं. तिशीतला पोरगा, बोलायला शांत. मी मागितला तो माईक त्यानं काढला, पण हातात देईना.

"ताई, खोली कशी हाय तुमची?"

"वर पत्रे आहेत."

"अन् शेजार?"

"भिंतीला भिंत."

"मग ह्यो नका घेऊ. ह्याचे कान लई तिखट. शेजारचा कुकरबी ऐकतो. अन् ओल ह्याला सोसत न्हाई." त्यानं खालच्या फळीवरून साधा, हातात धरून गायचा डायनॅमिक माईक काढला. निम्म्या किमतीचा. "ह्यो घ्या. तोंडाम्होरं चार बोटांवर जे हाय तेवढंच नीट ऐकतो. बाकीच्या गोंधळाकडं लक्ष देत न्हाई."

"मला ग्रामसभा घ्यायची नाही," मी फटकारलं. "गाणं रेकॉर्ड करायचंय."

त्यानं पुढं वाद घातला नाही. खोक्यावर स्वतःचा नंबर लिहून कंडेन्सर बांधून दिला.

घरी चाचणी घेतली आणि त्याचं बोलणं खरं ठरलं. अव्वाचा आवाज सुरेख आला, पण त्याच्यासोबत पत्र्यावरची कबुतरं, शेजारची मालिका आणि कुणाच्या तरी घरची फोडणी हेही आलं. आमच्या पाळण्यात बाळाच्या नावापुरती जागा मोकळी सोडतात. "पाळण्यात कोण गं, पाळण्यात कोण?" असं म्हणून गाणारी थांबते, त्या जागी आत्यानं नाव घ्यायचं आणि मग गाणारी म्हणते, "आमच्या घरचं सोनं." बाळ अजून जन्मायचं होतं, म्हणून अव्वानं ती जागा कोरी ठेवली. नेमकी तिथंच कुकरची शिट्टी झाली. माझ्या भाच्याचं नाव कुकर! तरी मी हट्टानं आणखी दोन वाकळा टांगल्या.

खरं आक्रित दुसऱ्या दिवशी घडलं. मी शाळेत होते. आमच्या घरात नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत. तराजू असो, मिक्सर असो की अमरेशची मोटारसायकल. मी चाचणी तशीच घेतली, हे अव्वाच्या मनाला लागून राहिलं होतं. तिनं पाण्यात विभूती कालवली, माईकच्या जाळीवर तीन बोटं ओढली, हळदीकुंकू वाहिलं आणि नारळ फोडून त्याचं पाणी वरून शिंपडलं. दोनदा.

संध्याकाळी माईक लावला तर आतून मोहरी तडतडल्यासारखा आवाज आला. मग काहीच नाही.

"अव्वा! कुणी सांगितलं होतं तुला? पाच दिवस राहिलेत फक्त!" मी गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले.

ती भिंतीला टेकून बसली. तिच्या बोटांवर विभूती तशीच होती. म्हणाली, "माझा आवाज म्याच बुडविला का गं, दामिनी?"

त्या एका वाक्यानं माझा राग उतरला. एवढा पटकन तो कधीच उतरला नव्हता. लाज मात्र अजून वाटते.

खोक्यावरचा नंबर लावला. प्रीतमला सगळं सांगितलं. ऑपरेशनचं, पाळण्याचं आणि नारळाचंसुद्धा. 'मी म्हणलंच होतं' हे शब्द तो बोलेल म्हणून मी दात आवळून बसले होते. तो म्हणाला, "आई पाळणे गाणार हायेत, हे आधी सांगायचं ना, ताई." मग म्हणाला, "दुकानातले ते साधे, हातात धरायचे माईक संपलेत. नवे यायला आठ दिस लागतील. पण एक हाय. उद्या सकाळच्या लातूर गाडीच्या ड्रायव्हरकडं देतो. स्टँडवर घ्या."

दुसऱ्या दिवशी गाडीतून फडक्यात गुंडाळलेला माईक आला. रंग उडालेला, जाळीला एक पोचा, आणि जाळीच्या भोकाभोकांत निळा गुलाल. सोबत चिठ्ठी होती: 'हा माझ्या बाबांचा, रामकिशनबाबांचा. वीस वर्षं ते जयंतीला ह्याच्यावर भीमगीतं गायले. मी साउंडचा धंदा करतो, पण त्यांचा आवाज माझ्याकडं नाही. रेकॉर्ड करावं हे त्यांच्या हयातीत कधी डोक्यातच आलं नाही. आईला खुशाल पूजा करू द्या. ह्याला सवय आहे.'

मी स्टँडवरच्या बाकावर बसून रडले. चारचौघांत, शाळेतली पोरं बघत असताना.

अव्वाला चिठ्ठी वाचून दाखवली. मी जाळी पुसायला ओला बोळा घेतला, तर तिनं हात धरला. "नगं. गाणाराच्या माईकावरचं हाय ते, ऱ्हाऊ दे." तिनं विभूतीची तीन बोटं दांड्यावर ओढली, जाळीला लावली नाही, आणि दोन्ही हात जोडले.

त्या दिवशी नेमका नळ आला. लातुरात नळ आला की काय होतं ते लातूरकरांना सांगायला नको. गल्लीतल्या सगळ्या मोटारी घुमत होत्या, घागरी आपटत होत्या, भांडणं चालली होती. अव्वा तोंडापासून चार बोटांवर माईक धरून गायली. नावाची जागा आली तशी ती थांबली, मांडीवर ताल धरून राहिली. नंतर ऐकलं तर मोटारींची घरघर दूर कुठंतरी, कान दिला तरच ऐकू येईल अशी. नावाची जागा अगदी मोकळी होती.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधीच निघाली, त्याबद्दल देवाचे आणि डॉक्टरांचे उपकार. आवाज मात्र घोगरा, फाटका झाला. अव्वा गरजेपुरतं बोलायची. गायचं नाव काढलं की मान हलवायची. तिचं ते गप्प बसणं बघवत नव्हतं. मी नांदेडला जाऊन माईक परत केला, तसलाच नवा विकत घेतला आणि प्रीतमला बारशाचं आमंत्रण दिलं. "येतो की," म्हणाला, आणि खरंच आला.

मुलगी झाली होती. नाव मी ठरवलं होतं आणि एकट्या अव्वाला आदल्या दिवशी सांगितलं होतं. बायका पाळण्याभोवती जमल्या. प्रीतमनं स्वतः स्पीकर लावला. अव्वाचा जुना, भरलेला आवाज घरभर पसरला. अव्वा पाळण्याची दोरी धरून मान खाली घालून ऐकत होती.

"पाळण्यात कोण गं, पाळण्यात कोण?"

जागा आली. मी तोंड उघडलं, पण नजर अव्वाच्या खाली गेलेल्या मानेवर पडली. नाव घ्यायचं राहिलं. दोन ठेके गेले. सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या.

"अक्षरा," कुणीतरी म्हटलं. घोगऱ्या, फाटक्या, पण सुरातल्या आवाजात.

अव्वा होती ती. आणि लगेच स्पीकरमधून तीच म्हणाली, "आमच्या घरचं सोनं."

दुसऱ्या कडव्याला नाव आम्ही दोघींनी मिळून घेतलं. तिसऱ्याला सगळ्या घरानं घेतलं. स्पीकरजवळ उभ्या असलेल्या प्रीतमनंही घेतलं, आणि रुमाल काढून तोंड पुसलं.