सहा डोळ्यांचा जबडा

गोदामाबाहेरची रांग औषधाच्या दुकानापर्यंत गेली होती. आत टेबलावर ती कवटी. अडीच हात लांब, आ वासलेली, बोटाएवढे दात आणि दोन्ही बाजूंना तीन तीन भोकं.

"राक्षस तपाला बसून दगड झाला!" टेबलाशेजारी उभा एक बाबा ओरडत होता. "पुढचा डोळा उद्याचं बघतो, मधला आजचं, मागचा कालचं! खोटारड्याचा हात चावतो, खऱ्याचा चाटतो!"

चाटायला जीभ कुठे होती, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. शिवण उलटी करून बघितल्याशिवाय मी एकही गणवेश माझ्या कारखान्याबाहेर जाऊ देत नाही, पण तिथे हात जोडून उभी राहिले.

कारण घरात आग लागली होती. माझी सून आमच्याच कारखान्यात कापड बेतायची. ती म्हणाली, "आई, मामांनी कापडाच्या खोलीत माझा हात धरला." मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ. आई गेल्यावर मी त्याला घास भरवले, सायकल दुरुस्तीचं दुकान थाटून दिलं. मी सुनेला म्हटलं, "जीभ झडेल तुझी!" भाऊ शांतपणे म्हणाला, "ताई, भांडू नकोस. तिला जबड्यापुढे ने. दूध का दूध होऊन जाईल."

तिनं जबड्यात हात घातला आणि मान ताठ ठेवून बोलली, "मामांनी माझा हात धरला."

खट्कन जबडा मिटला. तिनं हात ओढला, कातडी फाटली. "खोटं!" बाबा गरजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी तिची पिशवी मी दाराबाहेर ठेवली. पट्टीसुद्धा बांधली नाही.

तिसऱ्या दिवशी तिच्या माहेरच्या गल्लीतली दातांची डॉक्टरीण कारखान्यात आली.

"काकू, तिचा हात बघितला मी. मग ती कवटीही बघून आले. राक्षस कसला, मांस खाणाऱ्या डायनासोरची नक्कल आहे, साच्यात ओतलेली. खरी असती तर दगड झाली असती. दगडाचा जबडा मिटतो का?"

"मग ते सहा डोळे?"

"दोन्ही बाजूंना एकेकच डोळा, मधल्या भोकात. पुढच्या भोकानं डोकं हलकं राहायचं. मागच्यात जबडा मिटणारा स्नायू असायचा. कानशिलावर बोटं ठेवा, दात आवळा."

आवळले. बोटांखाली गाठ फुगली.

"तोच स्नायू. त्या कवटीला मांस नाही, मग जबडा ओढतं कोण? आणि दात आत वळलेले, कडा करवतीसारख्या. अडकलेला हात ओढला की चिरणारच. खऱ्याचाही."

मी तशीच उठले. रांग मोडून पुढे गेले, जबड्यात हात घातला आणि मोठ्यानं म्हटलं, "माझं वय बावीस आहे!"

लोक खो खो हसले. जबडा हलला नाही.

"राक्षसाला हिशेब येत नाही वाटतं," म्हणत मी कवटी फिरवली आणि डोळ्यामागच्या भोकात बोटं घातली. तार लागली. टेबलाच्या कडेनं पडद्यामागे गेलेली. पडदा ओढला, तर स्टुलावर माझा भाऊ, मुठीत सायकलचा ब्रेक.

बाबा "माया, माया!" करत मागच्या दारानं सटकला.

"ताई," भाऊ पुटपुटला, "तुझा हात होता म्हणून नाही दाबला गं."

"माझा ओळखता आला? आणि तिचा?"

त्यानं खाली बघितलं. लहानपणी चोरून खाल्लं की असाच बघायचा, आणि मी हसून सोडायचे. मीच ना वाढवलं याला.

मी सुनेच्या माहेरी गेले. म्हटलं, "चुकलं माझं. त्या तारेनं फसवलं."

तिनं मला पाणी दिलं, डाव्या हातानं; उजव्याला पट्टी होती. म्हणाली, "तार नंतर आली, आई. मी आधी तुम्हालाच सांगितलं होतं."

ती अजून परतलेली नाही, आणि मी आग्रह करत नाही. पण तुम्हाला सांगते, मी चौथी शिकलेली बाई: चमत्कार दिसला की हात जोडू नका, मागे काय आहे ते हात घालून बघा. आणि घरातली पोर काही सांगत असेल, तर खरंखोटं ठरवायला कुठल्या कवटीकडे नेऊ नका. तिला समोर बसवा, आणि ऐका.