म्हाताऱ्या मुंग्यांची चरबी

मुंग्यांच्या पाठीवर ठिपके द्यायचं काम प्रयोगशाळेत एकट्या मदतनीस काकांचं. तरण्या मुंगीला पांढरा, वय झालेलीला निळा. तरण्या घरात राहून अळ्यांना भरवतात, त्यांच्या पोटात चरबी असते. म्हाताऱ्या बाहेर अन्न शोधत हिंडतात, त्या वाळून कोळ झालेल्या.

प्रयोग करणाऱ्या बाईंनी मुंग्यांच्या एका पेटीतून सगळ्या तरण्या काढल्या आणि अळ्यांपाशी नुसत्या निळ्या ठेवल्या. महिन्याभरानं पोटं उघडली, तर म्हाताऱ्यांच्या अंगावर चरबी परत चढलेली.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी आकडे पाहून ओठ मुडपले. "निकाल जरा जास्तच छान आलाय. ठिपके कोण देतं?"

"काका."

"नजर अधू झाली म्हणून त्यांना कोठारात हलवतोय आपण. निकाल छान आला तर हे काम टिकेल म्हणून त्यांनी पेटीत चार तरण्या निळ्या करून सोडल्या, तर कुणाला कळणार आहे?"

बाईंनी हसण्यावारी नेलं, पण मनात किडा शिरला तो शिरलाच. काका पेटीशी वाकले की बाईंची मान आपोआप तिकडे वळे. एका सोमवारी सकाळी त्यांना निळ्या रंगाचा कुंचला ओला सापडला. रविवारी तर सुट्टी होती. पहारेकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "काका आले होते की. दर रविवारी येतात."

आता बाईंची खात्रीच पटली. त्यांनी प्रयोग पुन्हा मांडला. काका रजेवर असताना प्रत्येक म्हाताऱ्या मुंगीच्या मागच्या उजव्या पायाचं टोक कापलं आणि याबद्दल चकार शब्द काढला नाही.

महिना सरला. तीस निळ्या मुंग्या भिंगाखाली आल्या. तिसांचीही पोटं चरबीनं भरलेली, आणि तिसांच्याही पायाची टोकं कापलेली. एकही बदललेली नव्हती.

बाईंचा चेहरा उतरला. पलीकडे काका चिमटे पुसत होते.

"रजेवरून आलो त्याच दिवशी दिसलं मला," ते म्हणाले. "म्हटलं, खूण बाईंचीच असणार."

"बोलला का नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत? अळ्यांत घुसून घुसून ठिपका पुसला जातो. रविवारी येऊन पुन्हा देत होतो. वहीत लिहिलंय सगळं."

वही टेबलावरच असायची. बाईंनी ती कधी उघडली नव्हती.

त्या तडक साहेबांकडे गेल्या. "केसाएवढ्या पायाचं तुटलेलं टोक ज्यांना दिसतं, त्यांची नजर अधू कशी?" साहेबांनी कुरकुरत बदली रद्द केली.

बाईंनी ते सांगितलं तेव्हा काकांनी कुंचला धुऊन त्यांच्यापुढे ठेवला. "राहू दे बाई. कोठारात जातो मी. तिथं निदान माझ्या पाठीवर कुणाची नजर नसेल."

बाई माफी मागायला उठल्या, तोवर ते दाराबाहेर पडले होते.