रांग थांबली तेव्हा

“काका, एकच डोळा मिटायचा. तुम्ही दोन्ही मिटलेत!”

रांगेत खसखस पिकली. मफलरवाल्या काकांनी ओशाळून पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. त्यांना टोकणाऱ्या मुलीने, बॅटरीने, नळी हळूच, केसभर पुढे ढकलली. गुरू काही कुणासाठी थांबत नाही. सारखी नळी सरकवली नाही, तर तो निसटतो आणि माणूस नुसत्या काळोखाला डोळा लावून उभा राहतो.

“दिसला का?” असं मात्र विचारायचं नाही, हा आजोबांचा नियम. माणूस भिडेखातर हो म्हणतो. त्याऐवजी गुरूचे चंद्र किती दिसतात, ते विचारायचं.

“बाजूचे ठिपके किती?”

“तीन इकडे, एक तिकडे.”

“पास! पुढचे या.”

बॅटरी हे तिचं आकाशदर्शन मंडळातलं नाव. लहान असताना तिने ऐन अंधारात सगळ्यांच्या डोळ्यांवर बॅटरी मारली होती, तेव्हापासून चिकटलेलं. आज मात्र मोठी दुर्बीण तिच्या एकटीच्या ताब्यात होती. आजोबांनी न्हाणीघरात बसून, आरसा घासघासून घडवलेली दुर्बीण! गेले दोन हिवाळे ते मैदानावर फिरकले नव्हते. गुडघे बोलतात म्हणायचे. आज येणार होते, आणि बॅटरीला त्यांच्या तोंडून एकदा तरी शाब्बास ऐकायचंच होतं. शाब्बासकीच्या बाबतीत आजोबा म्हणजे महाकंजूष.

दिवेलागण होऊन बराच वेळ गेल्यावर ते आले, औषधवाल्या काकांचा दंड धरून. औषधवाले काका म्हणजे मंडळातले त्यांचे जुने जोडीदार.

“काय गं, लोकांना गुरू दाखवतेयस की धुकं?”

“तुम्हीच बघा ना.”

आजोबा वाकले. तेवढ्यात रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, ही घरी केलीय म्हणे? झालं! बॅटरीला तेवढंच हवं होतं. आरसा कसा घासतात, आजी अंघोळीसाठी कशी ताटकळायची, हे तिने दोन्ही हातांनी साभिनय सांगितलं.

“झकास,” आजोबा म्हणाले. “शाब्बास, पोरी.”

तिचे पाय जमिनीवर ठरेनात.

“पण असं कसं सोडीन?” ती म्हणाली. “ठिपके किती?”

“आता माझी परीक्षा?” आजोबा हसले. “दोन इकडे, दोन तिकडे.”

बॅटरीने डोळा लावला. आत मिट्ट काळोख होता. बोलण्याच्या नादात ती नळी सरकवायचीच विसरली होती.

तिचे कान तापले. चार लोकांत आपली चूक झाकली त्यांनी. पण आजोबा आणि चूक झाकणार? अख्ख्या रांगेसमोर कान उपटले असते त्यांनी.

तिने घाईने गुरू पुन्हा मधोमध आणला. लखलखीत.

“आता बघा.”

आजोबांचा हात सवयीने फोकसच्या चाकावर गेला. चाक एका टोकापर्यंत फिरलं, मग दुसऱ्या टोकापर्यंत. मग बोटं तिथेच थांबली.

“झकास,” ते पुन्हा म्हणाले. या वेळी हळू.

लहानपणी एकदा ती याच दुर्बिणीपाशी स्टुलावर कुडकुडत उभी होती. काही म्हणजे काही दिसत नव्हतं, तरी खाली उतरायच्या घाईने “दिसलं, दिसलं” म्हणाली होती. आजोबा रागावले नव्हते. तिच्या कानाशी वाकून ते एकेक गोष्ट सांगत गेले होते, आणि सांगतील तसतसं दिसत गेलं होतं. अंगाला त्यांच्या शालीची ऊब होती.

बॅटरीने त्यांचा हात चाकावरून अलगद काढून आपल्या हातात घेतला. चाक पुन्हा जागेवर आणलं. मग ती त्यांच्या कानाशी वाकली.

“मधे पिवळसर चकती आहे. तिच्यावर दोन पुसट पट्टे, एक जरा जाड. डावीकडे तीन ठिपके, अगदी ओळीत. उजवीकडे एकच, लांब, रुसून बसल्यासारखा.”

आजोबांचा श्वास नळीवर उमटत होता. त्यांनी डोळा काढला नाही.

“पट्टे दिसतायत?” त्यांनी विचारलं. “दोन्ही?”

“दोन्ही.”

“आरसा उतरलाय म्हणजे चांगला.”

मागे चुळबुळ सुरू झाली. औषधवाले काका पुढे आले, घसा खाकरून म्हणाले, “अगं, रांग खोळंबलीय.”

बॅटरीने नळी केसभर पुढे ढकलली.

“थांबा ना जरा, काका. आजोबा बघतायत.”