लालीबाईचा फेटिया

"हात खाली ठेव," लालीबाईनं दटावलं. "बांगड्या सरकल्या का गोंदण दिसते."

कोकिळेनं हात मांडीवर ठेवला. मनगटाच्या वर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं, लग्नाआधी माहेरी काढलेलं. बंजारणीच्या हातावर तसलं गोंदण नसतं, हे बाभुळगावच्या बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल. लालीबाईनं तिला आपला जुना फेटिया, म्हणजे बंजारा घागरा, नेसवला होता, आरशांची कांचळी घातली होती आणि ओढणी नाकापर्यंत ओढली होती. एवढं झाकूनही कोकिळेला आपण उघड्यावर बसल्यासारखं वाटत होतं.

"आन् तो आला तं?"

"येऊ दे. तो कोकिळेले पाहून राह्यला. लमाननीच्या तोंडाकडं कोन पायते?"

तो म्हणजे पुंडलिक, कोकिळेचा नवरा. मागच्या खेपेला ती नेरला, थोरल्या भावाकडे, किसनदादाकडे निघाली होती. पुंडलिकनं याच मोटारअड्ड्यावरून तिला फरफटत नेलं, कापसाच्या खोलीत कोंडलं आणि जळत्या लाकडानं तळवे भाजले. पुन्हा निघालीस तर पाय तोडीन म्हणाला होता, आणि अशा बाबतीत तो शब्दाचा पक्का होता. किसनदादाला मात्र तो टरकून असे. दादाचा उंबरठा ओलांडला की ती सुटली.

निंदणीला लालीबाई कायम तिच्या शेजारच्या ओळीत असायची. चारचौघांत नवऱ्याला फैलावर घ्यायची, खळखळून हसायची. कोकिळा मनात म्हणायची, आपण तांड्यातच जन्मलो असतो तर? या बायका कुणाच्या बापाला भीत नाहीत. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय!

आज ती त्या डोंगरावर येऊन बसली होती. हॉटेलवाल्यानं हातभर उंचीवरून ओंजळीत पाणी ओतलं, निम्मं कांचळीवर सांडलं. दर पोळ्याला तिच्या हातची पुरणपोळी खाणारा शेजारी "सरक वं लमानने" म्हणत कोपरानं ढकलून गेला. मग शिपाई आला. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं होतं, शिपायाची काठी मात्र जुनीच होती. त्यानं काठी गाठोड्यात खुपसली.

"काय चोरलं वं?"

लालीबाईनं मुकाट्यानं गाठोडं सोडून दाखवलं. शिपाई हलेपर्यंत तिनं मान वर केली नाही. कोकिळा पाहत राहिली. म्हणजे हीसुद्धा भिते. हिचा पुंडलिक एक नाही, सारा बाजार आहे.

शिपाई गेल्यावर लालीबाई तिकिटं काढायला गेली. आणि तेवढ्यात समोरच्या निंबाखाली पुंडलिक दिसला. तो एकेका बाईकडे निरखून पाहत येत होता.

त्याच वेळी मोटारीतून पाच-सहा बंजारणी उतरल्या. त्यांच्यातली एक म्हातारी फेटिया पाहून थेट कोकिळेकडे आली.

"कुणसे तांडेर छी, बाई?"

कोणत्या तांड्याची, एवढं कोकिळेला कळलं. उत्तर येत नव्हतं. म्हातारीनं वाट पाहिली नाही. त्यांच्यात बाया भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात, तशी ती कोकिळेच्या गळ्यात पडली आणि रडू लागली. त्या मिठीत कोकिळेचा बांध फुटला. आई गेल्यापासून तिला असं कुणी धरलंच नव्हतं. ती ओक्साबोक्शी रडली आणि तोंडून निघून गेलं, "माय वं, माय..."

म्हातारीचा सूर तुटला. तिनं कोकिळेचा हात पाहिला. बांगड्या कोपराकडे सरकल्या होत्या, तुळस उघडी पडली होती. पाच पावलांवर पुंडलिक थबकला होता. कोकिळेनं डोळे मिटून घेतले. आता संपलं, एवढंच तिला कळत होतं.

म्हातारीनं आपली ओढणी त्या हातावर टाकली, कोकिळेचं डोकं छातीशी दाबलं आणि आभाळ फाटेल असा सूर लावला. "याडी ए, याडी..." तिच्या बोलीतली ती मायच होती. बाकीच्या भोवती कोंडाळं करून रडू लागल्या.

"या बायायचं कोनी मेलं का कोनी भेटलं, काईच समजत नाई," पुंडलिक थुंकला आणि पुढं गेला.

लालीबाईनं तिला मोटारीत बसवून दिलं. दिवस कलताना कोकिळा नेरला दादाच्या अंगणात पोचली. इंदुवहिनी बाहेर आल्या. फेटिया पाहून दारातच थांबल्या.

"भाकर नाई वं बाई. पानी पायजे का?"

कोकिळेच्या घशाला कोरड पडली होती. तिनं नुसती ओंजळ पुढं केली. वहिनींनी उंचावरून धार धरली. ओंजळ तोंडाशी नेताच कोकिळेच्या बांगड्या सरकल्या आणि पाणी तुळशीवरून ओघळलं. धार थांबली.

"कोकिळा?" वहिनींचा आवाज चिरकला. त्यांनी घाईनं लोटा तिच्या हातात द्यायला पुढं केला. "अवं, घे ना. आपल्याच घरी आली तू."

कोकिळेनं ओंजळ तशीच धरून ठेवली.

"वतूनच दे, वयनी," ती म्हणाली.